पर्जन्याचा दृष्टांत आणि साकोलीचा दुष्काळ

१

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो प्रेमळ आहे, आणि जगात दुःख व दुष्टता आहे. ही तीन विधाने एकत्र नांदू शकतील काय? साहित्याच्या वर्गात हा प्रश्न निघाला की आपण बहुधा १७५५ सालच्या लिस्बनच्या भूकंपाकडे वळतो. लायब्निझने १७१० मध्ये मांडलेले ईश्वरसमर्थन आणि व्हॉल्तेरने 'कांदीद'मध्ये (१७५९) उडवलेली त्याची खिल्ली यांचा उल्लेख करतो आणि बायबलातील ईयोबापाशी थांबतो. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे बोटीतून उतरला, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत रूढ होऊन बसली आहे. ती बरोबर नाही. प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. त्याला मिळालेली उत्तरेही जुनी आहेत. त्या उत्तरांचा हिशेब कोणी आणि कशात चुकता केला, हे मात्र आपण क्वचितच तपासतो. या लेखात तेवढेच करण्याचा आमचा विचार आहे.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरच्या दोन आरोपांचा विचार केलेला आहे. पहिला वैषम्याचा, म्हणजे पक्षपाताचा. दुसरा नैर्घृण्याचा, म्हणजे निर्दयतेचा. कोणी सुखात जन्माला येतो, कोणी हालात. शिवाय प्रलयकाळी सगळ्यांचाच संहार होतो. हे सारे घडवणारा ईश्वर समदृष्टी आणि दयाळू कसा म्हणावा? शंकराचार्यांच्या भाष्यात याचे जे उत्तर आहे, त्यात पर्जन्याचा दृष्टांत येतो. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. एका शेतात भात येतो व दुसऱ्यात जव, याचे कारण पावसात नसून बीजात असते. ईश्वर पावसासारखा आहे. जिवांच्या वाट्याला येणारी विषमता ज्याच्या त्याच्या कर्मबीजातून उगवते. पहिल्या जन्मी कोणते कर्म होते, असे कोणी विचारलेच, तर संसार अनादी आहे, पहिला जन्म असा नाहीच, हेही उत्तर तयार असते.

तर्काच्या अंगाने पाहिले तर ही मांडणी भक्कम आहे. दुःखाच्या ज्या उपपत्ती धर्मांनी दिल्या, त्यांत कर्मसिद्धान्त सर्वांत सुसंगत असल्याचे मत विसाव्या शतकाच्या आरंभी मॅक्स वेबरने नोंदवले होते, आणि ते खोडून काढण्याची आम्हाला गरज वाटत नाही. आमचे लक्ष अडते ते दृष्टांतापाशी. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, हे वाक्य कोण ऐकत आहे? ज्याच्या शेतावर तो पडला आहे, त्याला ते पटेल. पाऊसच पडला नाही त्या वर्षी, धानाच्या कोरड्या बांधीत उभ्या असलेल्या माणसाला ते कसे ऐकू येत असेल? हा प्रश्न पुस्तकातून उचलून एखाद्या गावात नेऊन ठेवावा, म्हणून आम्ही साकोलीकडे वळतो.

२

साकोली आज भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरचे गाव. ब्रिटिश अमदानीत मात्र साकोली तहसील फार विस्तीर्ण होती. भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिलींचा तो जिल्हा होता. १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आज मोडणारा नवेगावबांधचा परिसरही तेव्हा साकोलीतच होता. हा सारा धानाचा मुलूख. लोक त्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि सरकारी कागदांनी त्याला तळ्यांचा प्रदेश म्हटले.

या तळ्यांमागे एक अनुभव आहे. धानाला पाणी नुसते पुष्कळ लागत नाही. ते वेळेवर लागते. आषाढ-श्रावणात धो धो पाऊस पडला आणि लोंबी भरण्याच्या सुमारास त्याने पाठ फिरवली, तर हिरवेगार शेत पोचट होते. या अनुभवातून इथल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तळी आणि बोड्या बांधल्या. नवेगावचा प्रचंड बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला. तळे म्हणजे, एका अर्थी, पाऊस सर्वांवर आणि सर्वकाळ सारखा पडत नाही याची गावाने दिलेली कबुलीच. तळ्याचे पाणीही सर्वांना सारखे पोचत नसते. बांधी पाळीच्या वर आहे की खाली, तुडुमापासून किती दूर आहे, आणि मुख्य म्हणजे तळे कोणाच्या मालकीचे आहे, यावर ते ठरते. ही मालकी मालगुजारांची होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तरी त्या तळ्यांना आजही 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मामा तलाव' म्हणतात.

१८९६ मध्ये पाऊस लवकर संपला. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, तो जवळजवळ आलाच नाही. १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती सुमारे ११ टक्क्यांनी कमी होती आणि या घटीचे कारण दुष्काळ हेच नोंदले गेले. घटलेली सारीच माणसे मेली नसतील. काही पोटासाठी परागंदा झाली असतील, काही जन्मलीच नसतील. पण ज्या दशकात लोकसंख्या वाढायची ती नऊ जणांमागे एक या प्रमाणात उणी झाली, ही गोष्ट कोणत्याही तत्त्वचर्चेच्या आधी नीट समजून घ्यावी अशी आहे.

दुष्काळ सर्वांना सारखा लागत नाही. कोठीत धान असलेला तगतो, रोजावर जगणारा आधी जातो. कर्मवादी म्हणेल, ज्याच्या कोठीत धान होते त्याचे पूर्वपुण्य, ज्याच्याकडे नव्हते त्याचे पूर्वपाप. या युक्तिवादाला कोणतीही घटना खोटे पाडू शकत नाही. जो जगला तो त्याचा पुरावा आणि जो मेला तोही त्याचाच पुरावा. याला आपण सामर्थ्य म्हणायचे की दोष, हा प्रश्न येथून पुढे आम्हाला सोबत घेऊन जायचा आहे.

३

झाडीने या प्रश्नाचे आणखी एक जुने उत्तर ऐकले असले पाहिजे. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त, एकांकात, चक्रधरांच्या आरंभीच्या शिष्यांपैकी नीळभट्ट भांडारेकार येतात. त्यांच्या नावात भंडारा आहे. महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत. जिवाला चिकटलेली अविद्याही अनादी आहे. ती परमेश्वराने निर्माण केलेली नाही. त्यामुळे दुःखाचा कर्ता कोण, या प्रश्नात परमेश्वर प्रतिवादी म्हणून उभाच राहत नाही. तो येतो तो सोडवणारा म्हणून. रोग्याने वैद्याला, तू हा रोग का निर्माण केलास, असे विचारू नये, तसेच हे.

हे उत्तर आम्हाला मोठे प्रामाणिक वाटते, कारण त्याची किंमत ते स्वतःच मोजते. ईश्वराची दया राखण्यासाठी त्याने ईश्वराच्या कर्तृत्वाला मर्यादा घातली आहे. सगळ्याचा निर्माता आणि सगळ्यांवर माया करणारा, अशा दोन पदव्या एकाच वेळी देता येत नाहीत, हे तेराव्या शतकातील मराठीने ओळखले होते.

वारकरी परंपरेत हा प्रश्न सिद्धान्त म्हणून फारसा येत नाही. तो भांडण म्हणून येतो. त्यातही चोखामेळ्याच्या नावावरील एक अभंग वाचताना आम्हाला नेहमी थबकावे लागते. आपण पूर्वजन्मी निळाचा अवतार होतो, तेव्हा कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा महाराचा जन्म आला, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे पर्जन्याच्या दृष्टांताचा उत्तरार्ध येथे खुद्द सोसणाऱ्याच्या तोंडी आला आहे: पावसाचा दोष नाही, बीज माझेच. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर भिंत कोसळून, १३३८ मध्ये, ज्याचा अंत झाला त्या माणसाच्या मुखात हे शब्द आहेत. ईश्वर निर्दोष ठरला, पण त्यासाठी चोखोबाला आरोपी व्हावे लागले, तेही जो गुन्हा आठवत नाही अशा गुन्ह्याचे.

त्याच घरात पुढच्या पिढीचा कर्ममेळा मात्र हे मान्य करत नाही. तो देवालाच विचारतो की आमची जात हीन कोणी केली, हे तुला कळत कसे नाही. उष्टे खात आमचा जन्म जातो याची तुला लाज वाटत नाही काय. बापाने पूर्वजन्माकडे पाठवलेला आरोप मुलाने पुन्हा मूळ पत्त्यावर धाडला. विद्यार्थ्यांनी हे दोन अभंग समोरासमोर ठेवून वाचावेत. कोणत्याही पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा त्यांत हा वाद अधिक स्वच्छ दिसेल.

तुकोबांची गोष्ट तिसरी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचे द्रव्य आणि पत गेली, पहिली बायको अन्नावाचून मेली. हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे एका अभंगात ते याच दिवाळखोरीबद्दल आणि या दुष्काळाबद्दलही देवाचे आभार मानतात, कारण त्यातून विरक्ती आली. या ओळी आम्हाला सोप्या वाटत नाहीत. आपल्यावर आलेल्या दुःखातून जो अर्थ काढतो त्याचा तो अधिकार आहे. पण उपाशी मेलेल्या रखमाबाईचे दुःख तुकोबांच्या विरक्तीसाठी होते, असे तिसऱ्या माणसाने म्हणू नये. ती बाई कोणाच्या आत्मोन्नतीचे साधन म्हणून जन्माला आली नव्हती.

४

एकोणिसाव्या शतकात हा वाद छापखान्यात गेला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा मुंबईत वाद झाला. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर सभा केल्या. मिशनऱ्यांनी पुनर्जन्मावर हल्ला चढवला, शास्त्र्यांनी मूळ पापाच्या कल्पनेवर. दोन्ही पक्ष एकमेकांच्या ईश्वराला अन्यायी ठरवत होते. मात्र दुःख भोगणारा माणूस त्या सभांत बोलताना क्वचितच दिसतो.

तो बोलू लागला जोतीराव फुल्यांच्या लेखनात. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळपीडित मुलांच्या जेवणाची सोय केली होती. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, बाहेर आले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: आधी पाने वाढली, मग व्यवस्थेचा हिशेब मांडला, शेवटी ईश्वराविषयी लिहिले. जोतीरावांचा निर्मिक न्यायी आणि दयाळू आहे. त्याने सर्व स्त्री-पुरुषांना स्वतंत्र निर्माण केले. जे दुःख आहे ते माणसांनी माणसांवर लादले आहे. त्यासाठी ज्यांनी धर्मग्रंथ रचले आणि ज्यांनी वसुल्या केल्या, त्यांना जाब विचारावा. निर्मिकाची सुटका येथेही होते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात सोसणारा उभा केला जात नाही. लाभ घेणारा उभा केला जातो.

मराठीत संकटांची एक जुनी विभागणी आहे: अस्मानी आणि सुलतानी. आकाशातून आलेले ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून आलेले ते सुलतानी. पाश्चात्य तत्त्वचिंतक नैसर्गिक अनिष्ट आणि नैतिक अनिष्ट असा जो भेद करतात, तो मराठी शेतकऱ्याने या जोडशब्दात कधीच केला होता. पण या दोहोंमधली रेषा स्थिर नसते. १८९९ चा पाऊस न येणे हे अस्मानी. तोवर नागपूर-छत्तीसगढ रेल्वे या जिल्ह्यातून धावू लागून बरीच वर्षे झाली होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून मदतीचे नियमही तयार होते. धान्य दुसरीकडून आणता येत होते. ते विकत घेण्याची ऐपत मजुराकडे नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हीच गोष्ट सिद्धान्तरूपाने मांडली: दुष्काळात माणसे मरतात ती अन्न नसते म्हणून नव्हे, अन्नावर त्यांचा हक्क चालत नाही म्हणून. तेव्हा ज्या मृत्यूंना साकोलीच्या पाटलाने अस्मानी म्हटले असेल, त्यांतले किती सुलतानी होते, हे आज आपल्याला विचारता येते. ईश्वराच्या खात्यावर लिहिलेली एकेक रक्कम अशी माणसांच्या खात्यावर वर्ग होत जाते.

५

१९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि ते पराभूत झाले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, साकोलीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला होता. त्या चोखोबाच्या अभंगातला निळ येथे आठवावा.

'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग का नाही, याची चर्चा आहे. ईश्वर चांगला असेल तर माणसे खुनी, चोर आणि खोटारडी का होतात. न्यायी आणि दयाळू निर्माता असेल तर जगात इतका अन्याय का, असे प्रश्न तेथे एकामागून एक येतात. आपण सुरुवातीला ज्याला लिस्बनचा प्रश्न म्हटले, तोच हा. पण आमच्या मते ग्रंथातील खरे निर्णायक स्थळ दुसरेच आहे. गतजन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगावे लागते, या समजुतीचा विचार करताना बाबासाहेब विचारतात की हा सिद्धान्त रचण्याचा हेतू काय असेल. त्यांचे उत्तर असे की, दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, एवढाच हेतू संभवतो.

येथे प्रश्नाचे रूपच बदलले आहे. दुःखामुळे ईश्वर खोटा ठरतो की नाही, यावर शेकडो वर्षे वाद घालता येईल. कारण ईश्वराच्या बाजूने एखादे जास्तीचे विधान नेहमी जोडता येते. मागचा जन्म, अनादी अविद्या, माणसाचे स्वातंत्र्य, अगम्य हेतू. बाबासाहेबांनी विचारले ते एवढेच, की हे जास्तीचे विधान जोडल्याने कोणाची जबाबदारी कमी होते आणि कोणाचा भार वाढतो. नागपुरात दीक्षा घेऊन गावी परतलेल्या आणि घरातले देव नदीत सोडलेल्या माणसांनी तर्कशास्त्राचा एखादा सिद्धान्त मान्य केला होता, असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी आपल्यावरचा, मागच्या जन्मीच्या अपराधाचा, आरोप झुगारला होता.

६

भंडारा जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात दोन तारखा आहेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुले यांची गावातल्या जमावाने हत्या केली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. पहिली घटना दुष्टतेची, दुसरी आपत्तीची, असे कोणी म्हणेल. पण दुसरीचीही चौकशी झाली आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली; म्हणजे तीही निव्वळ अस्मानी मानली गेली नाही.

मूल गेले की आपण 'देवाने नेले' म्हणतो. या शब्दांत सांत्वन आहे, आणि मूल गमावलेल्या आईच्या तोंडी ते असतील तर आम्ही मान खाली घालून ऐकू. पण हेच शब्द कक्षाच्या देखभालीची जबाबदारी असलेल्याच्या तोंडी आले, तर ते ईश्वराच्या नावे केलेले खोटे बयाण ठरते. वाक्य तेच, बोलणारा बदलला की त्याचा अर्थ आणि त्याची नीती बदलते. साहित्याच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको.

आमच्या या मांडणीवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सुलतानी कितीही वजा केले तरी काही अस्मानी शिल्लक उरतेच. ज्याला कोणीही जबाबदार नाही असा आजार तान्ह्या मुलाला होतो. तिथे प्रेमळ ईश्वराचे काय? शिवाय माणसाला स्वातंत्र्य देऊन खैरलांजीच्या वेळी ईश्वर गप्प का राहिला, हा प्रश्न जोतीरावांच्या निर्मिकालाही चुकत नाही. या उरलेल्या भागाचे उत्तर आमच्याजवळ नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, जो ईश्वर निर्दोष राहावा म्हणून सोसणाऱ्याला अपराधी व्हावे लागते, तो ईश्वर तर्काने सिद्ध झाला तरी प्रेमळ म्हणता येणार नाही. आणि कर्ममेळ्याने ज्याच्या तोंडावर आरोप केला, ज्याने तो आरोप ऐकून घेतला, त्या विठ्ठलाविषयी हा निकाल अद्याप लागायचा आहे. नास्तिकाने आणि भक्ताने निदान या एका मुद्द्यावर एकत्र यायला हरकत नसावी.

साकोलीच्या जुन्या तहसिलीतील लोकांनी आपल्यापुरते एक उत्तर दिले आहे. नवेगावबांधच्या भोवतालच्या सात टेकड्यांना ते सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालणाऱ्या कोलू पाटलाला त्यांनी कोलासूर देव करून टेकडीवर बसवले आहे. पाऊस पाठवणाऱ्याच्या न्यायबुद्धीवर या लोकांनी काही भाष्य लिहिले नाही. आलेला पाऊस पुढच्या कोरड्या दिवसांसाठी अडवून ठेवणाऱ्या माणसाला मात्र त्यांनी हात जोडले.